वस्तू सुचली, पण ती घडविणार कोण?

संस्थेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा आग्रह कार्यकारिणीने दरवर्षीप्रमाणे याही वर्षी धरला, तेव्हा धम्मावर लिहावे की बँकेच्या योजनांवर, अशा विचारात मी होतो. धम्मावर लिहिण्याचा अधिकार माझ्यापेक्षा कितीतरी थोर उपासकांचा आहे आणि योजनांची पत्रके तर बँकेत फुकट मिळतात. शेवटी ज्या एका प्रकरणात माझे स्वतःचे हात पोळले आणि त्यातूनच चार गोष्टी कळल्या, तेच लिहावे असे ठरविले. प्रश्न साधा आहे. एखाद्याला एक नवी वस्तू सुचली. ती बाजारात मिळत नाही, पण मिळायला हवी असे त्याला मनापासून वाटते. त्याच्याकडे यंत्र नाही, जागा नाही, भांडवल तर नाहीच. मग ती वस्तू करून देणारा कारखानदार त्याने शोधायचा कसा?

आपल्या वस्तीतील एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याला अशी वस्तू सुचली. त्याच्या इच्छेवरून नाव देत नाही. त्याची आई एका खानावळीत भाजी चिरण्याचे काम करते आणि घरीही मोठी विळी वापरते. काम झाले की विळी भिंतीला टेकवून ठेवण्याची आपल्याकडची पद्धत. एके संध्याकाळी वीज गेलेली असताना लहान बहिणीचा पाय त्या पात्यावर पडला व सात टाके घालावे लागले. दुसऱ्याच दिवशी या मुलाने नळाच्या प्लास्टिक पाईपचा वीतभर तुकडा घेतला, तो एका बाजूने उभा चिरला, उकळत्या पाण्यात मऊ करून पात्याच्या वळणाप्रमाणे वाकविला आणि धारेवर बसविला. झाले विळीचे टोपण! शेजारच्या बायकांनी ते पाहिले आणि आम्हालाही करून दे म्हणून त्याच्या मागे लागल्या. दहा-अकरा टोपणे त्याने हाताने केली. मग तो माझ्याकडे आला व म्हणाला, "दादा, हे कारखान्यात करून घ्यायचं तर कुणाकडं जायचं?"

बँकेत मी खिडकीवर बसणारा कारकून. कर्ज मंजूर करणारा मी कोणी नव्हे, आणि शिक्षण म्हणाल तर मराठी व राज्यशास्त्र घेऊन कला शाखेची पदवी. परंतु बँकेत काम करणाऱ्याला सर्वच कळते, असा आपल्या लोकांचा एक गोड गैरसमज असतो आणि तो मोडण्याचे धैर्य आपल्यालाही नसते. आमच्या खिडकीवर नेहमी येणारे एक खातेदार होते. आपले प्लास्टिकचे काम आहे, असे ते सांगत. मी त्या मुलाला त्यांच्याकडे पाठविले.

पुढचे थोडक्यात सांगतो. त्या गृहस्थांनी साच्यासाठी ४०,००० रुपये आगाऊ मागितले. मुलाच्या आईने भिशीचे ३०,००० दिले, १०,००० मी घातले. कागद काहीच केला नाही. ओळखीच्या माणसाला कागद कसा मागायचा, हा संकोच! चार महिन्यांनी नमुना आला तो चाकूच्या म्यानासारखा, दोन्ही बाजूंनी बंद. आता विळीच्या टोकाला खोबरे खवण्याची खवणी असते हे कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. वरून घालायचे म्यान त्या खवणीवरून खाली उतरणार कसे? पैसे परत मागितले, तर ते साच्यात गेले असे उत्तर मिळाले. मग साचा द्या म्हटले, तर साचा आमच्याकडेच राहतो, धंद्याची रीतच तशी आहे, असे सांगण्यात आले. पुढे चौकशी केली तेव्हा समजले, की त्या गृहस्थांचे स्वतःचे यंत्रच नव्हते. ते दुसऱ्याकडून काम करून घेत आणि मध्ये आपला वाटा ठेवीत. मुलाची आई मला एका शब्दानेही बोलली नाही. "आता पुढं काय करायचं, भाऊ?" एवढेच तिने विचारले. त्या प्रश्नाने मला कित्येक रात्री झोप लागली नाही.

ज्यांच्या घरात तीन-चार पिढ्या व्यापार चालत आलेला आहे, त्यांच्या मुलाला हा प्रश्न पडत नाही. त्याचा एखादा मामा रंगाचा व्यापारी असतो, आतेभावाचे लेथ असते, सासऱ्यांच्या ओळखीत चार कारखानदार असतात. रविवारच्या जेवणात त्याला जे फुकट कळते, ते आपल्या मुलाला पदरचे पैसे घालवून शिकावे लागते. हात आपल्या समाजाचेही कुशल होतेच. दोर वळले, कातडे कमावले, सूत विणले. पण त्या मालाची किंमत ठरविणारा नेहमी दुसराच कोणी असे. परमपूज्य बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर जो निबंध लिहिला, त्यात जमिनीवर पडलेला जादा माणसांचा भार कमी करण्यासाठी औद्योगिकीकरण हाच उपाय आहे, असे त्यांनी मांडले होते. ते वाचून आपण कारखान्यात कामगार झालो, ही मोठीच गोष्ट झाली. कारखानदाराला काम सांगणारे मात्र आपल्यात अजून थोडे आहेत. असो.

आम्ही पहिली चूक कोणती केली? आम्ही "प्लास्टिकवाला" शोधला. वस्तुतः कारखाना ओळखायचा तो वस्तूवरून किंवा मालावरून नव्हे, तर कामाच्या पद्धतीवरून. विळीचे टोपण करणारा कारखाना जगात कोठेच नव्हता, कारण ती वस्तूच नवी होती. पण त्याच पद्धतीने दुसरे काहीतरी करणारे कारखाने मात्र आपल्या शहराभोवती अनेक होते.

या पद्धती समजून घेण्यासाठी अभियंता असावे लागत नाही, स्वयंपाकघर माहीत असले म्हणजे पुरे. मोदकाचा साचा घ्या. दोन पाळ्या मिटायच्या, आत सारण भरायचे, उघडले की मोदक तयार. इंजेक्शन मोल्डिंग ते हेच. वितळलेले प्लास्टिक दाबाने बंद साच्यात भरतात, थंड झाले की साचा उघडून वस्तू काढतात. बादली, डबा, बाटलीचे झाकण असे होते. साचा पोलादाचा, अचूक, आणि म्हणूनच महाग. पण एकदा तो झाला की एकेक नग काही सेकंदांत पडतो. आता शेवेचा सोऱ्या आठवा. पीठ दाबले की चकतीच्या भोकाचा जो आकार असेल त्या आकाराची लांबच लांब शेव बाहेर येते व आपण ती हवी तेथे तोडतो. याला एक्स्ट्रूजन म्हणतात. नळाचे पाईप, विजेच्या तारेवरचे आवरण, मोटारीच्या दाराला लावलेली रबराची पट्टी, या सर्व वस्तू अशाच निघतात. येथे बंद साचा नसतोच, फक्त ती चकती बदलावी लागते. तिला डाय म्हणतात आणि ती साच्याच्या मानाने बरीच स्वस्त पडते. तिसरी पद्धत रबराचा गोळा तापलेल्या साच्यात ठेवून दाबण्याची, वाहनांच्या पायडलवरील रबरे अशी होतात. चौथी, प्लास्टिकचा पत्रा तापवून साच्यावर शोषून बसविण्याची; मिठाईच्या खोक्यातील खळगे असलेला पातळ ट्रे पाहा. नमुन्यापुरते एक-दोन नग हवे असतील तर हल्ली त्रिमितीय छपाईचे यंत्र असते. त्यावर साच्याशिवाय वस्तू होते, परंतु हजार नग काढायला ते परवडत नाही.

हे समजल्यावर मुलानेच मला विचारले, "दादा, आपलं टोपण मोदक आहे का शेव?" मी हसलो, पण सगळे उत्तर त्या प्रश्नातच होते. विळीच्या पात्याचे वळण प्रत्येक लोहाराचे निराळे, लांबी निराळी, जाडी कोठे दीड मिलिमीटर तर कोठे तीन. एका मापाचा मोदक सर्व विळ्यांना बसणे शक्यच नव्हते. उलट इंग्रजी यू अक्षरासारखी खाच असलेली मऊ पट्टी लांबच लांब काढली आणि विळीच्या मापाने कात्रीने कापली, तर ती कोणत्याही वळणावर वाकेल आणि बाजूने दाबून बसविता येत असल्यामुळे वरच्या खवणीची अडचणही राहणार नाही. चाळीस हजारांचा साचा आम्हाला कधी लागतच नव्हता!

खर्चाचे गणित येथेच सांगून टाकतो. वस्तूच्या खर्चाचे दोन भाग असतात. एक कितीही नग काढले तरी एकदाच होणारा, म्हणजे साचा किंवा डाय. दुसरा प्रत्येक नगाला लागणारा, म्हणजे माल, मजुरी, वीज. समजा साचा ९०,००० रुपयांचा आहे. त्यावर १,००० नग काढले तर प्रत्येक नगावर साच्याचेच ९० रुपये बसतात, आणि ३०,००० नग काढले तर केवळ ३ रुपये. ज्याला ३०,००० नग खपण्याची खात्री आहे त्याने खुशाल साचा करावा. ज्याला पहिले हजार खपतील की नाही हेच ठाऊक नाही, त्याने डाय, कापकाम, शिलाई, हातकाम अशा स्वस्त वाटा आधी धुंडाळाव्यात, मग नगामागे चार रुपये जास्त का पडेनात. कारखानदार कमीत कमी अमुक इतकी ऑर्डर हवी म्हणून अडून बसतो, तेही या गणितामुळेच. तो आपल्याला कमी लेखतो म्हणून नव्हे. यंत्रावरची जुनी डाय काढून आपली चढवायची, तापमान जमवायचे, सुरुवातीचे काही मीटर वाया घालवायचे, यात त्याचा अर्धा दिवस जातो. पन्नास मीटरसाठी तो हे कशाला करील?

मग कारखाना शोधायला निघालो. पहिली वाट अगदी जवळची होती. बाजारात जाऊन आपल्या पट्टीसारखी पट्टी असलेल्या वस्तू पाहिल्या आणि त्यांच्या वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचली. वैध मापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पाकीटबंद मालावर उत्पादकाचे, वेष्टन करणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव व पत्ता छापावा लागतो. हा पत्ता म्हणजे फुकटची निर्देशिकाच होय. (उद्या आपला माल विकताना आपल्यालाही हे सर्व छापावे लागणार आहे, शिवाय कमाल किरकोळ किंमत, नगांची संख्या, उत्पादनाचा महिना व वर्ष, ग्राहकाने तक्रार कोठे करावी तो पत्ता. हे पुष्कळजण विसरतात.) दुसरी वाट उद्योजकांच्या संघटनांची. आपल्या मराठवाड्यात लघुउद्योजकांची मसिआ ही संघटना आहे. तिच्या सदस्यांमध्ये कोण काय करतो हे विचारता येते आणि औद्योगिक प्रदर्शनांत तर कारखानदार स्वतः टेबलामागे उभा भेटतो. इंटरनेटवर इंडियामार्टसारख्या ठिकाणी शेकडो नावे मिळतात, मात्र त्यांत व्यापारी किती आणि खरे उत्पादक किती हे तपासणे आपले काम.

तिसरी वाट पायांची. दोन शनिवार आम्ही वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत अक्षरशः पायपीट केली. फाटकांवरील पाट्या वाचल्या, चहाच्या टपऱ्यांवर विचारले. सर्वांत उपयोगी कोण ठरला असेल? भंगारवाला! कोणत्या शेडमधून रबराचे तुकडे निघतात, कोणाकडे प्लास्टिकचे, कोणाचे यंत्र महिनाभर बंद आहे, हे त्याला तोंडपाठ होते. त्यानेच सांगितलेल्या एका शेडमध्ये ओव्हनच्या दारांना लागणाऱ्या सिलिकॉनच्या पट्ट्या निघत होत्या. कामगार सात-आठ. मालक स्वतः यंत्राशी उभे. त्याआधी एका मोठ्या कारखान्याच्या फाटकावर आम्हाला तासभर बसवून ठेवले होते आणि दुसऱ्या एका ठिकाणी वस्तूची चौकशी होण्यापूर्वी आडनावाची चौकशी झाली होती. त्या ठिकाणी आम्ही पुन्हा गेलो नाही. नव्या माणसाची लहान ऑर्डर मोठ्या कारखान्याला ओझे वाटते. ज्याचे यंत्र आठवड्यातून दोन दिवस रिकामे असते तोच आपले बोलणे ऐकून घेतो, असा माझा अनुभव आहे.

या वेळी मात्र आधी तपासणी केली. जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणाचाही नोंदणी क्रमांक घातला, की धंद्याचे कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द झाली, आणि तो उत्पादक आहे की नुसता व्यापारी, हे विनामूल्य दिसते. विवरणपत्रे भरली जातात की नाही तेही कळते. आमच्या पहिल्या गृहस्थांचा क्रमांक मी नंतर घालून पाहिला. दोन मिनिटांचे काम होते. ती दोन मिनिटे मी आधी दिली असती तर भिशीचे पैसे वाचले असते. मी दिवसभर लोकांच्या सह्या पडताळून पाहतो, ती सवय नेमकी आपल्या माणसाच्या कामात विसरलो.

दुसरी तयारी कागदाची. शासकीय तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या आपल्याच वस्तीतील एका मुलीने वस्तीतील वीसेक विळ्यांची मापे घेऊन पट्टीच्या आडव्या छेदाचे रीतसर रेखाचित्र काढून दिले. आकार, खाचेची रुंदी, ओठांची जाडी, किती कमी-जास्त चालेल, सर्व मिलिमीटरमध्ये. तोंडी वर्णन ऐकून दर सांगणारा कारखानदार नंतर दर बदलतो, यात त्याचाही दोष नसतो. त्याने मनात वेगळीच वस्तू पाहिलेली असते. रेखाचित्राच्या तीन प्रती तीन कारखान्यांना दिल्या, तेव्हा कोठे आलेल्या दरांची तुलना करता आली. ज्यांना असे रेखाचित्र किंवा साच्याविषयी सल्ला हवा असेल त्यांनी आपल्या शहरात असलेल्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये चौकशी करावी. साचे आणि डाय हाच तेथला विषय आहे. प्लास्टिक कोणते वापरावे याची माहिती सिपेट या केंद्रीय संस्थेच्या येथील केंद्रात मिळू शकते. उद्योजकता विकासाचे प्रशिक्षण देणारे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र हेही १९८८ पासून येथेच आहे. इतक्या संस्था हाकेच्या अंतरावर असताना आपला विद्यार्थी नागसेनवनातून पदवी घेऊन बाहेर पडतो आणि त्यांपैकी एकीचेही दार त्याने पाहिलेले नसते, याचे मला वाईट वाटते.

कल्पना कोणी चोरली तर? ही धास्ती प्रत्येकाला असते व ती अगदीच खोटी नाही. पेटंटचा नियम असा, की वस्तू नवी हवी, तिच्यात त्या विषयातील जाणकाराला सहज न सुचणारे असे काही हवे आणि ती उद्योगात वापरता यायला हवी. अर्ज करण्यापूर्वीच ती चारचौघांत जाहीर केली तर नवेपणा गेला असे धरले जाऊ शकते, म्हणून प्रदर्शनात मांडण्याआधी अर्ज करावा. प्रारंभी तात्पुरते विवरण देऊन तारीख राखून ठेवता येते, मात्र त्यानंतर १२ महिन्यांच्या आत संपूर्ण विवरण द्यावे लागते. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास अर्जाचे शुल्क १,६०० रुपये आहे, मसुदा लिहून देणाऱ्याची फी अर्थात वेगळी. पुढे तपासणीचे शुल्कही लागते. पेटंट मिळाल्यास त्याची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे. वस्तूचे केवळ रूप नवे असेल तर २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी होते, ती आधी १० वर्षे आणि नंतर आणखी ५ वर्षे टिकते. आम्ही पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुनी पेटंटे चाळली, जाणकाराला विचारले आणि कडेला बसणारी खाचेची पट्टी ही गोष्ट जुनीच आहे हे मान्य केले. नुसती ती विळीला लावली म्हणून पेटंट मिळण्याची आशा नव्हती. त्यापेक्षा ४,५०० रुपये शुल्क भरून बोधचिन्हाचा अर्ज केला. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन "तुमच्या शोधाला पेटंट आणि कारखानदार दोन्ही मिळवून देतो" म्हणणारे काही लोक असतात. त्यांची फी आधी असते आणि कारखानदार नंतरही नसतो.

गोपनीयतेच्या कराराबद्दलही एक अनुभव सांगतो. मोठ्या कंपन्या तो करतात. लहान शेडचा मालक मात्र असा कागद पाहिला की बिचकतो. अशा वेळी सोपा मार्ग म्हणजे त्याला जेवढे लागते तेवढेच सांगायचे. आमच्या कारखानदारांना आम्ही पट्टीचा छेद व मापे दिली, पट्टी कशाला लागणार ते सुरुवातीला सांगितले नाही. फक्त अन्न चिरण्याच्या पात्याला ती लागणार आहे एवढे सांगणे भागच होते, कारण माल कोणता वापरायचा हे त्यावर अवलंबून होते. अन्नाच्या संपर्कातील प्लास्टिकमधून काय झिरपते हे तपासण्यासाठी भारतीय मानक ९८४५ आहे. पुनर्वापराच्या भंगारातून केलेली स्वस्त पट्टी अशा ठिकाणी वापरू नये.

नमुन्यांचे म्हणाल तर ते तीनदा करावे लागले. पहिली पट्टी काळ्या रबराची केली, स्वस्त म्हणून. कांदा चिरताना तिचा वास हाताला लागला व ती बाद झाली. दुसरी पांढऱ्या सिलिकॉनची. आठ दिवसांत धारेने तिचा तळ चिरला, म्हणून तळाची जाडी दुप्पट केली. तिसऱ्या नमुन्यात पट्टीखाली पाणी अडकून लोखंडी पाते गंजू लागले. त्यावर ओल निघून जाण्यासाठी अंतराअंतरावर भोके पाडली, हा तोडगा त्या मुलाच्या आईचा. दरवेळी नमुना महिनाभर पाच घरांत वापरायला दिला आणि मगच पुढचा शब्द दिला. हा वेळ फुकट गेला असे कोणाला वाटेल, पण १,२०० पट्ट्या काढल्यावर वास लक्षात आला असता तर?

मग करार झाला. दोन पाने, मराठीत, ५०० रुपयांच्या मुद्रांकावर. डायचे पैसे आम्ही दिले असून डाय आमच्या मालकीची आहे, तिच्यावर आमची खूण कोरलेली राहील, मागितल्यावर ती आठ दिवसांत परत द्यावी, तिच्यावर दुसऱ्या कोणाचा माल काढू नये, मंजूर केलेला नमुना दोघांच्या सहीने सीलबंद करून दोघांकडे एकेक ठेवावा व माल त्याच्याशी जुळला नाही तर बदलून द्यावा, अर्धे पैसे आधी आणि अर्धे माल तपासून घेतल्यावर, पैसे केवळ बँकेतून. मालकांनी दोन कलमे दुरुस्त केली आणि हसत सही केली. पहिल्या वेळी मला वाटलेला संकोच किती अनाठायी होता हे त्या दिवशी कळले. भगवंतांनी कोलियपुत्र दीघजाणूला गृहस्थाच्या ऐहिक हिताच्या ज्या चार गोष्टी सांगितल्या, त्यांत उट्ठानसंपदा म्हणजे उद्यमशीलता पहिली आणि आरक्खसंपदा म्हणजे कष्टाने मिळविलेले जपणे ही दुसरी. तिसरी कल्याणमित्रता. आपल्या व्याख्यानांत पहिलीवर पुष्कळ बोलले जाते. दुसरीचा अर्थ मला त्या मुद्रांकावर समजला.

पैशाचे कसे झाले? कमीत कमी ऑर्डर ३०० मीटरची होती. दर मीटरला ४५ रुपये, म्हणजे १३,५००. डाय ९,००० ची. एकूण २२,५००. एका विळीला सरासरी पाव मीटर धरली तर १,२०० पट्ट्या, म्हणजे डायसह एक पट्टी पावणेएकोणीस रुपयांना पडली. पुढच्या खेपेला डायचा खर्च नसल्याने ती सव्वाअकराला पडणार. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेतील शिशू गटात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज विनातारण असते, त्यातून ३०,००० मिळाले. मी त्या कागदांवर कोठेही सही केली नाही, हे मुद्दाम नमूद करतो. शाखाधिकाऱ्यांनी पाहिले ते एवढेच: कारखानदाराचे जीएसटी क्रमांकासह दरपत्रक, करार, उद्यम नोंदणी आणि "आम्ही इतक्या पट्ट्या घेऊ" असे दोन भांडीवाल्या दुकानदारांचे पत्र. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन व निःशुल्क आहे, तिच्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत. २०१६ मधील स्टँड-अप इंडिया योजना आपल्या समाजासाठीही होती हे खरे, पण तिची सुरुवातच १० लाखांपासून होती. आमच्या पट्टीला एवढ्या पैशाचे करायचे काय? पुढे धंदा वाढला तर मात्र केंद्र सरकारच्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी ४ टक्के खरेदीची तरतूद आहे, हे ध्यानात ठेवावे. आपल्या उद्योजकांची डिक्की ही संघटना २००५ साली पुण्यात स्थापन झाली, तिच्याकडेही विचारणा करता येते. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. मात्र मोठे दुकानदार बिल मागतात, तेव्हा हिशेब पहिल्या दिवसापासून लिहावा.

पहिल्या १,२०० पैकी नऊशेच्या आसपास पट्ट्या गेल्या. पातळ स्टीलच्या विळीवर पट्टी सैल बसते अशी तक्रार आली, त्या सर्व परत घेतल्या. आता डायच्या खाचेचे ओठ थोडे जवळ आणण्याचे काम चालू आहे. डाय आपली असल्यामुळे ते फक्त घासकामाच्या मजुरीत होते आहे. भिशीचे ३०,००० अजून सुटलेले नाहीत. दरमहा थोडे थोडे आईच्या खात्यात जमा होतात, आणि ती पावती घ्यायला तो मुलगा माझ्याच खिडकीवर येतो.

कराराचा कोरा मसुदा व रेखाचित्राची एक प्रत संस्थेच्या वाचनालयात ठेवली आहे. ज्यांना काही सुचले असेल त्यांनी ती पाहावी, आणि आगाऊ रक्कम देण्यापूर्वी एखाद्या रविवारी, वंदनेनंतर, माझ्याशी बोलावे.